गाडीची सर्व्हिसिंग कुठे करावी?

मोटारगाडी विकत घेताना माणूस चार ठिकाणी फिरतो. भाव विचारतो. जाणत्या पाहुण्याला सोबत नेतो. पण तीच गाडी सर्व्हिसिंगला द्यायची वेळ आली, की तो निमूटपणे जिथे गाडी घेतली तिथेच जातो. किल्ली देतो. बाकावर बसून राहतो. संध्याकाळी कागद पुढे येतो, त्यावर जो आकडा असेल तो मोजून देतो. आकडा कसा झाला, हे विचारायची त्याला भीड वाटते. ही भीड महाग पडते, कारण गाडी एकदाच घ्यायची असते आणि सर्व्हिसिंग दरवर्षी असते.

आपल्या गावांतली पुष्कळ मुले मुंबईला टॅक्सी चालवतात. गावातही कुणाची जीप आहे, कुणाचा भाजीचा टेंपो आहे. ज्याचे पोट गाडीवर आहे त्याला सर्व्हिसिंगचा खर्च दोन बाजूंनी लागतो. एक बिलाचा. दुसरा, गाडी उभी राहिली म्हणून बुडालेल्या कमाईचा. म्हणून हा हिशेब नीट समजून घेऊ.

उदाहरणाला आपण मुंबईतला वाकोला घेऊ. सांताक्रूझ स्टेशनच्या पूर्वेला हा भाग आहे. एके काळी हे साष्टीतले एक गाव होते. आता एका अंगाला पश्चिम द्रुतगती महामार्ग वाहतो आणि दुसऱ्या अंगाला कालिना लागते. तिथून सीएसटी रोडने पुढे गेले, की कुर्ला येते. त्या रस्त्याला मोटारीच्या नव्याजुन्या सामानाची दुकानेच दुकाने आहेत. अंधेरी, वांद्रे, कुर्ला, सगळे जवळ. म्हणजे वाकोल्यात राहणाऱ्या टॅक्सीवाल्याला एकाच कंपनीच्या गाडीसाठी दोन-तीन डीलरांची वर्कशॉपे गाठता येतात. गावाकडच्या माणसाला इतकी निवड नसते. पण तालुक्याला एक आणि जिल्ह्याला एक, अशी दोन ठिकाणे त्यालाही बहुधा मिळतात.

आता पहिली गोष्ट. मेन डीलर म्हणजे कोण?

पुष्कळांना वाटते, की शोरूम आणि तिचे वर्कशॉप ही कंपनीचीच असतात. बहुतेक वेळा तसे नसते. कंपनी गाडी तयार करते. ती विकायला आणि दुरुस्त करायला ती जागोजागी व्यापारी नेमते. पाटीवर कंपनीचे नाव मोठे असते आणि व्यापाऱ्याचे बारीक. हा व्यापारी म्हणजे डीलर. त्याचा धंदा वेगळा, त्याची जागा वेगळी, त्याचे नोकर वेगळे. म्हणून एकाच कंपनीच्या दोन डीलरांकडे एकाच गाडीचे बिल सारखे येईलच, असे धरून चालू नये.

आणि हेही लक्षात ठेवा. गाडी एका डीलरकडे घेतली म्हणून सर्व्हिसिंगलाही तिथेच जायला हवे, असे बंधन नाही. कोल्हापूरला घेतलेली गाडी मुंबईत त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरकडे देता येते. सुरुवातीच्या फुकट सर्व्हिसिंगा तिथेही मिळतात, वॉरंटीही चालते. फक्त सर्व्हिस पुस्तिका बरोबर न्यावी. फुकट सर्व्हिसिंग म्हणजे मात्र सगळेच फुकट नव्हे. मजुरी फुकट असते. ऑइल, फिल्टर यांचे पैसे बहुधा द्यावे लागतात. बिल पाहून "अहो, फुकट म्हणाला होतात ना?" असे भांडण पुष्कळदा होते, ते याच कारणाने.

आता बिल उघडून पाहू. त्यात चार गोष्टी असतात. सामान, ऑइल, मजुरी आणि जादा कामे. वर सरकारचा कर, म्हणजे जीएसटी.

सामानाचे पाहा. फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक पॅड या वस्तू कंपनीच्या बंद पुडक्यात येतात. पुडक्यावर जास्तीत जास्त विक्री किंमत छापलेली असते. तिला एमआरपी म्हणतात. साबणाच्या वडीवर असते तशीच ही किंमत. तिच्यात सगळे कर आलेले असतात. तिच्यापेक्षा जास्त पैसे घेणे कायद्याला धरून नाही. बिलात आधी कराशिवायची किंमत लिहितात आणि मग कर जोडतात. तसे लिहायला हरकत नाही. पण दोन्ही मिळून येणारा आकडा पुडक्यावरच्या आकड्याच्या वर जाता कामा नये. तो गेला असेल तर बोट ठेवून विचारा. रिकामे पुडके मागून घेतले, तर ताडून पाहणे सोपे जाते.

कराचीही एक गोष्ट आहे. मोटारीच्या पुष्कळ सुट्या भागांवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या सुट्या भागांवर तो १८ टक्के झाला आहे. मजुरीवरही १८ टक्केच आहे. तेव्हा जुन्या बिलाशी नवे बिल ताडताना हा फरक ध्यानात घ्या. आणि आजच्या बिलात सामानापुढे २८ दिसले, तर ते का, हे विचारा.

ऑइलचा भाव लिटरवर असतो. लहान मोटारीच्या इंजिनाला साधारण तीन लिटर लागते. नेमके किती, ते गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते. पुस्तिकेत तीन लिटर असेल आणि बिलात चार लागले असतील, तर एक लिटर कुठे गेले? हा प्रश्न विचारायला मेकॅनिक असावे लागत नाही, वाचता आले म्हणजे झाले. ऑइलचे प्रकारही असतात. साधे स्वस्त, सिंथेटिक महाग. एका डीलरने साध्याचा भाव सांगितला आणि दुसऱ्याने सिंथेटिकचा, तर ती तुलना होत नाही. दूध आणि ताक यांचा भाव कुणी ताडत नाही, तसेच हे.

खरा फरक पडतो तो मजुरीत. मजुरी डीलरप्रमाणे आणि शहराप्रमाणे बदलते. मुंबईत जागा महाग, माणसे महाग. ते सगळे शेवटी मजुरीत येते. चिपळूण, कणकवली, सातारा, सांगली अशा ठिकाणी तीच मजुरी बहुधा कमी असते. वर्षातून एकदा गावी जाणाऱ्या टॅक्सीवाल्याने हा विचार जरूर करावा. सर्व्हिसिंगची तारीख जवळ आली असेल आणि गावी आठ दिवस मुक्काम असेल, तर गाडी तिकडच्या डीलरकडे दिली म्हणून काही बिघडत नाही. कमाईचा दिवसही बुडत नाही. मात्र गणपतीच्या दिवसांत कोकणात सगळ्यांनाच हे सुचते. आधी फोन करून दिवस ठरवून घ्यावा.

उरली जादा कामे. बिल फुगते ते इथे. वर्कशॉपच्या दारात एक माणूस कागद घेऊन तुमच्याकडे येतो. त्याला सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतात. तो गाडी लिहून घेतो आणि गोड बोलतो. आम्हांला त्याचा राग नाही, तोही नोकर माणूस आहे. पण बोलणे बहुधा असे होते:

"दादा, इंजिन फ्लश पण करून टाकू. गाडी एकदम मोकळी होईल."

"पुस्तकात लिहिलंय का ते?"

"पुस्तकात नाय, पण सगळे करून घेतात."

"मग आज राहू द्या."

एवढे बोलता आले म्हणजे पुरे. इंजिन फ्लश, खालून रंगाचा थर, एसीची फवारणी, आतली खास सफाई, पॉलिश, अशी ही कामे असतात. यांतले एखादे काम कधी उपयोगीही पडते. समुद्राकाठच्या गावात गाडी खालून लवकर गंजते, तिथे रंगाचा थर वाया जात नाही. पण कोणते काम गरजेचे आणि कोणते हौसेचे, हे तुम्ही ठरवायचे. त्यासाठी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका वाचावी. तिच्यात एक तक्ता असतो. किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय तपासायचे, काय बदलायचे, ते त्यात ओळीने दिलेले असते. पुष्कळ गाड्यांत ही पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली तशीच पडून असते. ती सोडा. तक्त्यातल्या तुमच्या किलोमीटरच्या रकान्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. तुलना करायची ती या रेघेवरच्या कामांची.

हे का, ते एका हिशेबाने सांगतो. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, आणि त्यांत कर आलेला आहे.

समजा, एका लहान गाडीचे ४०,००० किलोमीटर झाले. पहिला डीलर फोनवर म्हणाला, "४,९०० रुपये होतील." दुसरा म्हणाला, "५,६०० होतील." कोणीही म्हणेल, की पहिला स्वस्त. आता दोघांकडून कामे लिहून घेतली. पहिल्याच्या कागदावर निघाले: ऑइल १,५०० रुपये, ऑइल फिल्टर १५०, मजुरी २,३५० आणि इंजिनाची खास सफाई ९००. झाले ४,९००. दुसऱ्याच्या कागदावर निघाले: ऑइल १,५००, ऑइल फिल्टर १५०, एअर फिल्टर ३५०, स्पार्क प्लग ६००, ब्रेकचे ऑइल ४०० आणि मजुरी २,६००. झाले ५,६००.

पुस्तिकेत समजा ४०,००० ला एअर फिल्टर, प्लग आणि ब्रेकचे ऑइल बदलायला सांगितले आहे. पहिल्याने ते धरलेच नव्हते. ते धरायला लावले तेव्हा सामानाचे १,३५० वाढले आणि मजुरीचे ६०० वाढले. खास सफाई काढून टाकली तरी त्याचा आकडा ५,९५० झाला. म्हणजे जो ७०० रुपयांनी स्वस्त वाटत होता, तो ३५० रुपयांनी महाग निघाला. सफाई ठेवली असती तर १,२५० रुपयांनी.

म्हणून फोनवर "सर्व्हिसिंगला किती?" असे विचारू नये. "माझी अमुक गाडी, अमुक साल, इतके किलोमीटर. पुस्तिकेत ही ही कामे आहेत. ऑइल अमुक प्रकारचे. सामान किती, मजुरी किती, करासकट लिहून पाठवा," असे विचारावे. काही कंपन्यांच्या वेबसाइटवर गाडीचे नाव, शहर आणि किलोमीटर भरले, की अंदाजे खर्च दिसतो. घरातल्या शिकल्या मुलाला किंवा मुलीला तो मोबाइलवर काढायला सांगा आणि वहीत उतरवून घ्या.

आम्ही इथे कोणत्या डीलरचा भाव किती, ते छापत नाही. भाव बदलतात आणि छापलेला कागद तसाच राहतो.

आता वॉरंटीची भीती. "बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली," असे वर्कशॉपमध्ये सांगतात. बाहेर म्हणजे साध्या गॅरेजमध्ये. ही भीती कुठून आली, ते पाहू.

वाकोल्याच्या शेजारी कुर्ल्याला प्रीमियर कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांनी ही कंपनी १९४४ साली काढली. मुंबईची काळीपिवळी फियाट, जिला पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले, ती याच कंपनीची. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. ती गाडी साधी होती. पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन रस्त्याकडेचा कोणताही मिस्त्री ती उघडायचा. सामान नाक्यावर मिळायचे. तेव्हा मेन डीलरशी टॅक्सीवाल्याचे फारसे अडत नसे. आताच्या गाडीत संगणक असतो. दोष शोधायला स्कॅनर जोडावा लागतो. सामानही पुष्कळदा कंपनीच्या हातूनच येते. मिस्त्रीचा हात चांगला असला तरी त्याला सामान आणि माहिती मिळेना, आणि गिऱ्हाईक डीलरकडे बांधले गेले.

या गोष्टीवर २०११ साली एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. व्यापारात कोणी कोणाची अडवणूक करू नये, हे पाहणारी ही सरकारी संस्था आहे. चौकशी होऊन २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने निकाल दिला. देशातल्या १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड सांगितला. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने बाहेरच्या गॅरेजांनाही मिळू द्या, असे बजावले. वॉरंटीबद्दलही साफ सांगितले. बाहेर काम केले म्हणून सगळी वॉरंटी सरसकट रद्द करू नये. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्यांना हा निकाल मानवला नाही. त्या वर दाद मागायला गेल्या आणि प्रकरण पुढे लांबले.

मग आपण काय करावे? आमचे मत असे. वॉरंटी चालू आहे तोवर गाडी कंपनीच्या डीलरकडेच द्यावी, पण डीलर भाव ताडून निवडावा. निकाल कागदावर आपल्या बाजूचा असला, तरी नव्या गाडीचा मोठा भाग बिघडल्यावर वाद घालत बसणे टॅक्सीवाल्याला परवडत नाही. वॉरंटी संपली, की चांगल्या गॅरेजचा विचार मोकळेपणाने करावा. वाकोला-कालिन्याच्या गल्ल्यांत हाताला गुण असलेले मिस्त्री आहेत आणि त्यांची मजुरी कमी असते. गॅरेजमध्ये दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या. सामान आपल्या डोळ्यांदेखत बंद पुडक्यातून निघाले पाहिजे, कारण नकली फिल्टर आणि नकली ब्रेक पॅड बाजारात असतात. आणि बिल घेतलेच पाहिजे, कारण पुढे तक्रार करायची झाली तर कागद लागतो.

वर्कशॉप कोणतेही असो, किल्ली देण्याआधी जॉब कार्ड वाचावे. त्यावर किलोमीटर, टाकीतले इंधन, सांगितलेली कामे आणि अंदाजे खर्च लिहिलेला असतो. खाली तुमची सही घेतात. कोऱ्या कागदावर सही करू नका. "विचारल्याशिवाय जादा काम करू नये" हे एक वाक्य सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा. आता तुम्हांला लिहिता येते. बदललेले जुने सामान परत मागा. जुना फिल्टर, जुना पॅड हातात आला, म्हणजे तो खरेच बदलला की नाही, ते कळते.

इतका वेळ भाव ताडायचे सांगितले. पण दोन वेळा अशा आहेत, की तेव्हा भाव विचारत फिरू नये.

एक म्हणजे ब्रेक. पेडल खाली जात असेल, दाबताना घासल्याचा आवाज येत असेल, तर जवळ जे चांगले वर्कशॉप असेल तिथे गाडी लावावी. घाट उतरायच्या आधी तर नक्कीच.

दुसरी वेळ पुराची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. वाकोल्याचा नाला मिठी नदीला मिळतो. त्या दिवशी नदी, नाला आणि रस्ता एक झाले होते. असंख्य मोटारी पाण्यात बुडाल्या. पाणी ओसरल्यावर माणूस घाईने किल्ली फिरवून पाहतो. तसे करू नये. इंजिनात पाणी शिरलेले असले, तर ते हवेसारखे दाबले जात नाही. मग आतला दांडा वाकतो आणि इंजिन खोलावे लागते. काही हजारांत निघणारे काम मोठ्या रकमेवर जाते. अशा नुकसानीचे पैसे साधी विमा पॉलिसी पुष्कळदा देत नाही. म्हणून गाडी सुरू न करता बॅटरीची वायर सोडावी, विमा कंपनीला कळवावे आणि गाडी ओढून वर्कशॉपला न्यावी.

बिलात फसवणूक झाली, न केलेल्या कामाचे पैसे घेतले, तर काय करावे? आधी डीलरच्या व्यवस्थापकाला लेखी द्यावे आणि कंपनीलाही कळवावे. तेवढ्याने भागले नाही, तर १९१५ या क्रमांकावर फोन करावा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुंबई उपनगराचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे, वाकोल्याहून फार लांब नाही. इतर जिल्ह्यांचे आयोग बहुतेक जिल्ह्याच्या गावीच असतात. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असली, तर तक्रारीला फी पडत नाही. "तू टॅक्सीवाला, म्हणजे धंदेवाला, तू ग्राहक कसला?" असे कोणी म्हणाले तर घाबरू नका. स्वतःच्या पोटासाठी स्वतः गाडी चालवणारा माणूस २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे ग्राहकच आहे.

ट्रॅक्टरवाल्यांनीही हा हिशेब आपल्या ट्रॅक्टरला लावून पाहावा. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक वेबसाइट सुरू केली. कंपन्यांनी आपल्या वस्तूंची दुरुस्ती, सुटे भाग आणि वॉरंटी यांची माहिती तिथे द्यावी, असा तिचा हेतू आहे. तिच्यात मोटारी आहेत, आणि शेतीची अवजारेही आहेत.